मुलांसाठी चॉकलेटं सोबत ठेवावीत

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं.

आज रविवार, म्हणजे त्र्यंबक रोडला राइड आणि येताना मिसळ. रस्सा वाढला जात होता तेवढ्यात ग्रुपवर एक पत्रक पडलं. कुठल्याशा ट्रॅव्हलवाल्याचं, नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. 'थरार वाळवंटाचा! ७ रात्री, ८ दिवस. निर्मनुष्य वाळूत जीप सफारी, तंबूत मुक्काम, डीजे नाइट.' इथपर्यंत ठीक. मग पाचवा दिवस: 'आदिवासी गावास भेट (२ तास). मूळ रहिवाशांचं जीवन जवळून पाहा. फोटोंसाठी उत्तम संधी. मुलांसाठी चॉकलेटं सोबत ठेवावीत.'

मुलांसाठी म्हणजे आपल्या मुलांसाठी नव्हे. त्यांच्या.

प्राणिसंग्रहालयात निदान 'खाद्यपदार्थ टाकू नयेत' अशी पाटी असते.

टेबलावर सगळे 'भारी आहे, काढू या का तिकिटं' म्हणायला लागले. मी काही बोलले नाही. मिसळ टाकून उठलेही नाही, मिसळ टाकत नसतात. पण घरी आल्यापासून एक म्हातारी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

डिसेंबर २०१८. आम्ही सहा जण जोधपूरहून जैसलमेरला सायकलनं निघालो होतो, ओसियां, फलोदी, पोखरण असं करत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हाचे फोटो पाहिलेत. जे पाहिलं नाहीत ते सांगते. फलोदीच्या पुढे समोरून वारा, पायडल मारतोय की नुसते बसलोय कळत नव्हतं, आणि त्यात माझं मागचं चाक बसलं. काटा. मोज्यांना भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं चिकटलेली, एक उपटावं तर दोन बोटात. (दुष्काळात त्याच भुरटाचं बी दळून लोक भाकरी करायचे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त शिव्या घातल्या.) रस्त्यापासून आत एक ढाणी, म्हणजे छोटी वस्ती, दिसली. दोन गोल झोपड्या, काट्यांचं कुंपण, एक खेजडीचं झाड. सायकल ढकलत तिथे गेलो.

बाहेर एक आजी बसली होती, बाजूला आठ-नऊ वर्षांची नात. आजीनं आधी आमच्याकडे पाहिलं, मग सायकलींकडे, मग पुन्हा आमच्याकडे. उठली, ओढणीच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली आणि अंगणातल्या टाक्याचं कुलूप काढलं. हो, पाण्याला कुलूप. जमिनीत खोदलेलं गोल टाकं, आत पावसाचं साठवलेलं पाणी, वर झाकण. जैसलमेरकडे वर्षभरात सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या इगतपुरीला तीन हजाराच्या वर. तर त्या कुलपाआडच्या पाण्यानं आम्ही सहा जणांनी बारा बाटल्या भरल्या. तिनं बाजरीचा सोगरा आणि ताक दिलं. पैसे द्यायला गेलो तर हात झटकला.

आता मला सांगा, यात 'निर्मनुष्य' काय आहे?

या शब्दाचाच मला राग आहे. ज्या वाळूला आपण ओसाड म्हणतो तिथल्या पाण्याचेसुद्धा प्रकार लोकांनी केलेत. वरून पडतं ते पालर, फार खोल असतं ते पाताल, आणि मधे जिप्समच्या थरावर अडून राहिलेली ओल म्हणजे रेजानी, ती काढायला कुई म्हणजे अरुंद विहीर खणतात. तिथल्या पालीवाल ब्राह्मणांनी खडीन बांधले, उताराचं पाणी अडवून, मुरवून, त्या ओलीवर वाळवंटात गहू घेतला. आणि आपण त्याच पालीवालांच्या कुलधरा गावात जाऊन काय बघतो? भूत! गाव सोडून गेलेल्या माणसांचं भूत बघायला तिकीट काढतो, त्यांचा खडीन कुठाय असं एकजण विचारत नाही.

आणि पत्रकात पागोटं घातलेला प्रत्येक माणूस 'आदिवासी'. अहो, बिश्नोई वेगळे, उंट राखणारे राईका वेगळे, मेघवाळ वेगळे, भिल्ल वेगळे. भिल्ल तर आपल्या बागलाणात, मालेगावातही आहेत. त्यांना बघायला कोणी दोन तासांची ट्रिप काढली नाही अजून, देवाची कृपा. कालबेलिया या गारुडी समाजाच्या नाचाला २०१० साली युनेस्कोनं यादीत घेतलं, पण १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांचा साप खेळवायचा पिढीजात धंदा गेला, हे नाच बघताना कोणाला आठवतं? मांगणियार मुसलमान, आणि यजमानाच्या घरी लग्न असो, बारसं असो, गाणं त्यांचं. यजमानाची वंशावळ त्यांना पाठ. त्यांना आमचे लोक कॅम्पमध्ये सिनेमाचं गाणं वाजवायला लावतात, दोनदा. मग डीजे.

हो, माहीत आहे, पर्यटकांच्या पैशावर तिकडे चुली पेटतात. मान्य. पुढे.

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो ती. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि बिश्नोई झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. ३६३ माणसं कापली गेली. आम्ही त्या आजीच्या खेजडीला सायकली टेकवल्या, चेन लावून कुलूपही घातलं. तिच्या अंगणात! जणू तीच चोरून नेणार होती. मी हे आज पहिल्यांदा लिहितेय.

तिकडे देवाच्या नावानं राखलेली रानं असतात, ओरण म्हणतात. तिथलं लाकूड तोडायचं नाही, गुरं चारायची. सरकारी कागदावर यातल्या कितीतरी जमिनी 'पडीक' म्हणून लागल्या आहेत. पडीक म्हटलं की सोलर येतं, पवनचक्की येते, तारा येतात आणि त्या तारांवर माळढोक आपटून मरतात, आता मोजकेच उरलेत. सोलर नको असं मी म्हणत नाही, माझ्याही गच्चीवर पॅनल आहे. पण ज्यांचं रान आहे त्यांना आधी विचारा की. पत्रकातलं 'निर्मनुष्य' आणि कागदावरचं 'पडीक' मला सख्खी भावंडं वाटतात.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उलुरू नावाचा तो प्रचंड लाल खडक आहे, तिथल्या अनंगू लोकांचं पवित्र ठिकाण. १९८५ साली जमीन त्यांना परत मिळाली. 'कृपया चढू नका' अशी त्यांची विनंती पायथ्याशी लिहिलेली, तरी लोक चढतच राहिले. बंदी आली २६ ऑक्टोबर २०१९ला. आणि ती जाहीर झाल्यावर शेवटच्या दिवसांत काय झालं असेल? चढायला रांगा! बंद होतंय ना, मग चला लवकर.

आपल्या सप्तशृंगीच्या शिखरावर दरेगावचे मानकरी ध्वज लावायला चढतात, बाकी कोणी नाही. उद्या कोणी गोरा दोर लावून वर गेला आणि सेल्फी टाकला तर नाशिक जिल्हा पेटेल की नाही? मग!

राग येतोय, पाणी पिऊन येते.

आले. २०१५च्या कुंभात माझ्या सासूबाई रामकुंडावर स्नान करून ओलेत्या अंगानं वर येत होत्या. एका माणसानं हाताएवढी लांब लेन्स त्यांच्यावर रोखली आणि खटाखट काढले. सासूबाईंनी पदर ओढला आणि त्याला अस्सल नाशिकच्या भाषेत जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "मी काय तमाशातली आहे का गं?" आता पुन्हा कुंभ तोंडावर आलाय, पुन्हा लेन्स येणार. तेव्हा आपण सगळे चिडणार. आणि जानेवारीत जैसलमेरला जाऊन तेच करणार.

जैसलमेर कशाला. एप्रिल उजाडला की पेठ-सुरगाण्याच्या विहिरींवर कोण जातं? दोरीला धरून विहिरीत उतरणारी बाई, डोक्यावर तीन हंडे, खाली तडकलेली जमीन. सुंदर फ्रेम. मीही शेअर केलेत असे फोटो, रडणारी इमोजी टाकून. तिचं नाव कुठल्या फोटोखाली वाचलंय तुम्ही? पावसाळ्यात पाण्यानं झोडपलेला तालुका मे महिन्यात कोरडा का पडतो, आणि धरणाचं पाणी कुठे जातं, ते फ्रेममध्ये बसत नाही.

बरं, आता आजीचं उरलेलं सांगते. मघाशी गाळलं होतं.

बाटल्या भरून झाल्यावर मी एक बाटली घेतली आणि तोंडावर मारली. चेहरा धुतला, मान धुतली, चूळ भरली, पायावर पण थोडं. नाशिककर ना मी, गोदाकाठची. नात धावत आली, मला वाटलं पाणी उडालं म्हणून खेळायला आली. तिनं माझ्या पायाशी परात सरकवली. गडबडीत, जेवढं सापडेल तेवढं. मग ती परात उचलून शेळीपुढे ठेवली. कोणी काही बोललं नाही. आजी तर हसत होती. एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

मग गप्पा. म्हणजे तिच्या, मारवाडीत, आम्हाला निम्मं कळलं. कुठली तू? नाशिक म्हणजे कुठे? पंचवटी म्हटल्यावर तिला लगेच कळलं, हात जोडले. मुलं किती? सासू आहे का? शेत आहे का? पाऊस कसा असतो? म्हटलं, भरपूर. त्यावर ती म्हणाली, "मग इकडे कशाला आलात?" आम्ही खूप हसलो. उत्तर कोणीच दिलं नाही.

आणि मी काय विचारलं? पोखरण किती लांब आणि रेंज कुठे येते. नाव विचारलं नाही. ती कोणाची, कुठल्या समाजाची, नवरा आहे की नाही, नात शाळेत जाते का, काही नाही. फोटो मात्र विचारला. ती म्हणाली, "काढून काय करशील? कोणाला दाखवशील?" आणि ओढणी पुढे घेतली.

इथपर्यंत मी ही गोष्ट आधीही सांगितली आहे, 'बघा, तिनं नाही म्हटलं आणि मी मान राखला' अशी. ते खरं नाही. विचारायच्या आधीच एक काढला होता. ती कुलूप उघडायला वाकली होती तेव्हा, बाजूनं. उन्हात सुरकुत्या, बोटांत किल्ली. घरी आल्यावर इथेच टाकला होता. 'वाळवंटाची माय' असं काहीतरी लिहून. दोनशेच्या वर लाइक आले. तुमच्यातल्याच कोणी कोणी 'व्वा, काय चेहरा आहे!' लिहिलं होतंत, आणि मी प्रत्येकाला हात जोडून धन्यवाद दिले होते.

आज तो काढून टाकला. शोधू नका. त्यानं काही बदलत नाही, तेही माहीत आहे. तिला तर तो टाकल्याचंही कळलं नव्हतं.

जाऊ नका असं माझं म्हणणं नाही हां. मीच परत जाणार आहे. त्या रस्त्यानं पुन्हा सायकल चालवायचीय, ती ढाणी सापडते का बघायचंय. चॉकलेटं नाही नेणार. द्राक्षं न्यायचा विचार होता, पण तिथपर्यंत टिकणार नाहीत. मनुका नेईन. आणि आधी नाव विचारीन, मग पाणी.

तर हे सगळं टाइप करत असताना पत्रकावर दिलेल्या नंबरला मी एक मेसेज टाकला होता: 'पाचव्या दिवशीच्या गावाचं नाव काय?' आत्ता उत्तर आलं.

'मॅडम ते लोकेशनवर गेल्यावर कळेल. दोनच सीट राहिल्यात, फायनल करू का?'