‘थोड्या जास्त पैशांत ५५ इंची फोर-के येतो, मग ४३ कशाला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, कोणता टीव्ही घ्यावा यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप तीन. खान्देशातल्या घरासाठी ४३ इंची टीव्ही सुचवणं म्हणजे आपल्याच लोकांना कमी लेखणं. टीव्हीला स्टॅबिलायझर लागत नाही असं मी लिहिलं, आणि इकडे अमळनेरात तुमच्या गल्लीत एका रात्रीत तीन घरांचे टीव्ही गेले. आणि आयपीएस पॅनेलची (पडद्याच्या एका प्रकाराची) शिफारस चुकीची, कारण त्यात काळा रंग काळा दिसत नाही.

विजेचं आधी घेऊ, कारण पैसे तिथेच बुडतात. टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा, बहुतेक टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. आतला एसएमपीएस (टीव्हीचा वीजपुरवठा करणारा भाग) एवढ्या पट्ट्यात निमूट चालतो. संध्याकाळी व्होल्टेज १६० वर आलं, पंखा रेंगाळला, तरी टीव्हीला त्याचं काही नाही. कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर नको, हे मी त्यासाठी लिहिलं होतं आणि ते आजही तसंच आहे. तुमच्या गल्लीत झालं असेल ते दुसरंच. एकाच रात्री शेजारशेजारचे टीव्ही जातात, तेव्हा पहिला संशय डीपीवरच्या किंवा खांबावरच्या सुटलेल्या न्यूट्रलवर घ्यायचा. न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत २३० च्या जागी ३५० व्होल्टपर्यंत व्होल्टेज चढू शकतं. एसएमपीएसमध्ये एसीचा डीसी होताना हा आकडा १.४१ पट होतो, म्हणजे ४९५ च्या आसपास. तिथला मोठा कपॅसिटर असतो ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो फुगून फुटतो आणि जाताना शेजारच्या मॉसफेटलाही (वीज चालू-बंद करणाऱ्या भागाला) घेऊन जातो.

अशा वेळी स्पाइक गार्ड कामाचा नाही. त्यातली एमओव्ही क्षणभराचा झटका गिळण्यासाठी असते. व्होल्टेज चढलेलंच राहिलं तर ती स्वतः जळते. हाय कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की वीज तोडायची सोय, नसलेला स्वस्त रिलेचा स्टॅबिलायझरही तसाच. हवा तो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की वीज तोडणारा. मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसतो, ४० किंवा ६३ ॲम्पिअरचा मिळतो. वरची मर्यादा २७० व्होल्ट, खालची १७० (ही टीव्हीसाठी नव्हे, फ्रीजसाठी), आणि वीज परतल्यावर पुन्हा जोडण्याआधीची थांबण्याची वेळ १२० सेकंद ठेवा. लोडशेडिंगनंतर वीज येते ती सगळ्या गल्लीतले फ्रीज-मोटारी एकदम उचलत येते. ती उलथापालथ दोन मिनिटांत निवळते. टीव्हीबरोबर फ्रीजही वाचतो. बसवायला परवानाधारक वायरमनच बोलवा.

प्रोटेक्टरने अडत नाही तो आकाशातल्या विजेचा झटका. मे-जूनच्या वादळात झटका डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत शिरतो. पिन काढली पण डिशची केबल तशीच ठेवली, तर अर्धंच काम झालं. दोन्ही काढा. अर्थिंगचंही तेच. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आठवड्यातून बादलीभर पाणी घालत जा. बॉक्सच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद करूनच एचडीएमआय लावा. चालू वायरीवर खुपसल्यानेही पोर्ट मरतात.

आता ५५ इंचाकडे. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. तुम्ही लिहिलंय की घरी फ्री डिश आहे. तिथल्या बहुतेक वाहिन्या एसडी, म्हणजे जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६. भागाकार करून पाहा, बरोबर २० पट येतो. पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांतला एक वाहिनीने पाठवलेला, बाकीचे एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. ४३ वर हे खपून जातं. ५५ वर बातम्यांची खालची पट्टी आणि क्रिकेटचा चेंडू दोन्ही फिसकटतात. घरी फायबरचं कनेक्शन असेल, टीव्हीपाशी २५ एमबीपीएस खरोखर पोचत असेल आणि फोर-के पॅकचे पैसे भरायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग अंतर मोजा. निकोप डोळ्याला ५५ इंचावर फुल एचडी (१९२० गुणिले १०८०) आणि फोर-के यांतला फरक साधारण सात फुटांच्या आतूनच कळतो. ४३ इंचावर ही हद्द साडेपाच फूट. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पलंग भिंतीला लावलेला असतो, म्हणजे डोळा आठ-नऊ फुटांवर.

यावरून ४३ मध्ये फोर-के घेऊच नये असं नाही. त्या मापात आता फोर-केच जास्त मिळतात, आणि पॅनेल चांगलं असेल तर खुशाल घ्या. माझा विरोध आहे तो ठिपक्यांच्या हौसेपायी पॅनेलचा दर्जा खाली आणण्याला. ४३ च्या किमतीला टेकलेल्या ५५ मध्ये काटकसर कुठेतरी झालेलीच असते, आणि ती बहुधा बॅकलाइटमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांत, होते. (३२ वरच थांबायचं कराचं कारण मात्र आता उरलं नाही. ३२ इंचावरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला.)

बॅकलाइटवर मी एवढं अडतो ते आपल्या उन्हाळ्यामुळे. बऱ्याच टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराचं कमाल तापमान ४० अंश दिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं. पत्र्याच्या घरात दुपारी आत काय होत असेल ते तुम्हीच जाणता. बॅकलाइटच्या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक जळून जोड तुटला की अख्खी माळ विझते. आवाज येतो, चित्र नाही. अशा वेळी अंधारात टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारा. फिकट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, फक्त पट्ट्या बदलायच्या. ‘पॅनेल गेलं’ असं सांगून नवा टीव्ही गळ्यात मारणारे भेटतात, म्हणून ही खूण लक्षात ठेवा. पट्ट्या बदलताना काचेचं पॅनेल उचलावं लागतं, आणि ५५ इंचाची काच तडकण्याचा धोका ४३ पेक्षा बराच जास्त.

दुकानातून आलेला टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असतो, म्हणजे बॅकलाइट पूर्ण. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ लावा, बॅकलाइट दिवसा ६०-७० आणि रात्री ३०-४० ठेवा. ‘ब्राइटनेस’ नावाची पट्टी अनेक टीव्हींमध्ये वेगळी असते, ती काळ्या रंगाची पातळी ठरवते. तिला हात लावू नका. शार्पनेस मात्र शून्याजवळ आणा, एसडी चित्राभोवतीची पांढरी कड जाते. दुपारचं ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर टीव्ही नको. पाठीमागे निदान चार बोटं हवा खेळू द्या. आणि कूलरचा झोत टीव्हीवर येऊ देऊ नका. आपल्याकडे हॉलमध्ये कूलर असतोच. त्याची ओली हवा आणि धूळ खालच्या कडेच्या बारीक जोडण्यांवर बसली की काही काळाने उभ्या रेषा यायला लागतात, आणि त्यांचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. पुसायचं पाणीही थेट पडद्यावर फवारू नका, ते ओघळून तिथेच जातं.

आयपीएसबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर. त्याचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) १००० ला १ च्या आसपास, व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा ३००० च्या पुढे. रात्री दिवे घालवून समोर बसून सिनेमा बघणाऱ्याने व्हीएच घ्यावा. पण घरात एक जण पलंगावर, दोघं खाली सतरंजीवर, आई स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय, अशी बैठक असेल तर व्हीए बाजूने फिका पडतो, तोंडं पांढुरकी दिसतात. त्यापेक्षा आयपीएसवर काळा रंग थोडा राखाडी दिसलेला परवडतो. एकाच मॉडेल नंबरखाली वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगळं पॅनेल येऊ शकतं, म्हणून कागदावर विसंबू नका. दुकानात टीव्हीच्या बाजूला चार पावलं जाऊन लाल रंग फिका पडतो का बघा.

दुकानात आणखी एक. डेमोचा व्हिडिओ बंद करायला सांगा आणि तुम्ही रोज बघता ती एसडी वाहिनी लावायला लावा. फ्री डिशचा बॉक्स दुकानात नसेल तर आपला घेऊन जा, पण तिथली डिश फ्री डिशच्या उपग्रहाकडे लावलेली असेल तरच तो चालतो. ‘मोशन रेट १२०’ असं लिहिलेल्या टीव्हीचं पॅनेल पुष्कळदा ६० हर्ट्झचंच (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं) असतं, तो आकडा सोडून द्या. त्याऐवजी विचारा: अमळनेरला घरी येणारा माणूस आहे का, की टीव्ही जळगावला न्यावा लागेल? पॅनेलची वॉरंटी किती वर्षं? व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे प्रोटेक्टर टीव्हीच्या आधी बसवून घ्या.

तुम्ही भिंतीबद्दल काही लिहिलेलं नाही. जुन्या धाब्याच्या घराची मातीची भिंत असेल तर रावळप्लग धरत नाही, टीव्ही टेबलावरच ठेवा. बसायचं अंतर, समोर दार आहे की खिडकी, आणि भिंत कशाची, एवढं कळवा. ४३ की ५०, ते सांगतो.