फिल्टर चोक झालाय, साहेब

गाडीच्या बहुतेक अवयवांना तक्रार मांडण्याची स्वतःची काही रीत असते. ब्रेक किंचाळतात, टायर बसतो, बॅटरी तर थेट असहकार पुकारते. एअर फिल्टर मात्र बोनेटखालच्या काळ्या डब्यात मुकाट्याने धूळ खात पडून राहतो, आणि तो बदलण्याची वेळ झाली की नाही, हे त्याच्याखेरीज इतर सगळे जण ठरवतात.

सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजमधला मुलगा तो फिल्टर दोन्ही हातांवर आडवा धरून माझ्यासमोर येतो, कागदाच्या घड्या बोटांनी किंचित फाकवतो आणि चेहऱ्यावर सुतकी भाव आणून म्हणतो, “साहेब, पूर्ण चोक झालाय.” नाशिकच्या द्वारका चौकापासून अंबडपर्यंतची समस्त माती त्या घड्यांत पाहिल्यावर कोणाचाही धीर सुटावा. परंतु मळणे हेच ज्याचे काम, त्याला मळला म्हणून दोषी ठरवणे मला पटत नाही. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ११ किलो, म्हणजे अंदाजे ९,००० लिटर हवा लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या भरतील एवढी हवा गाळणाऱ्याने पांढरेशुभ्र राहावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. शिवाय घड्यांवर साचलेला धुळीचा थर स्वतःच आणखी बारीक धूळ अडवतो, त्यामुळे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा अधिक चोख गाळतो.

शेजारच्या नानांचा निकष वेगळा. “अ‍ॅव्हरेज पडलं का? नाही ना? मग हात लावू नका.” नानांचे आयुष्य कार्ब्युरेटरच्या गाडीत गेले, आणि त्या गाड्यांत हवा कोंडली की पेट्रोलचे प्रमाण वाढून अ‍ॅव्हरेज खरोखरच पडत असे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन तेवढेच पेट्रोल सोडतात. त्यामुळे अ‍ॅव्हरेज जवळजवळ तसेच राहते आणि कमी होतो तो पिकअप. हे नानांना समजावून सांगण्याचे धाडस मी केले नाही. पिकअप तपासायला कसारा घाटासारखी जागा नाही. पण एसी चालू, डिकी गच्च आणि मागच्या आसनावर माझे मेहुणे, अशा स्थितीत गाडी दमली, तर ठपका नक्की कोणावर ठेवायचा, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

मेहुण्यांकडे अर्थातच फुकटचा उपाय होता. “दाजी, कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या, नव्यासारखा होतो.” जोराच्या हवेने कागद फाटू शकतो, बाहेरच्या बाजूने मारली तर धूळ उलट आत रुतते, आणि तेल लावलेल्या फिल्टरला तर हवा मारूच नये, हे त्यांनी ऐकून घेतले आणि “काही होत नाही हो” म्हणून निकालात काढले. तेव्हा मी बाल्कनीतला दिवा मालवून फिल्टरच्या आतून विजेरी धरली. प्रकाशाचा टोकदार ठिपका दिसला तर छिद्र आहे, म्हणजे फिल्टर बाद. उजेड अजिबात झिरपला नाही तरी बाद. आमचा उजेड काही घड्यांतून झिरपत होता, काहींतून नव्हता. नाना “बघा, झिरपतोय” म्हणाले, मेहुणे “कुठे?” म्हणाले, आणि पत्नीने दिवा लावला.

उरली गाडीसोबत आलेली पुस्तिका. तिच्यात ४०,००० किलोमीटरचा आकडा आहे आणि पुढे एक वाक्य: धुळीच्या भागात त्याआधी बदलावा. माझी खरी कोंडी इथे होते. मुंबईच्या नातेवाइकांसमोर वर्षानुवर्षे नाशिकच्या हवेचे गोडवे गायलेल्या माणसाने आपण धुळीच्या भागात राहतो, हे कोणत्या तोंडाने कबूल करावे? पण सिंहस्थ जवळ आला की उकरले जाणारे रस्ते या अभिमानाची फारशी कदर करत नाहीत. अखेर पुस्तिकेचा आकडा निम्म्यावर आणायचा आणि इंजिनाच्या दुरुस्तीपुढे काहीशे रुपयांचा फिल्टर स्वस्तच, असा हिशेब मी मनाशी पक्का केला.

त्या हिशेबाने पुढच्या सर्व्हिसिंगला मी आपण होऊन म्हणालो, “एअर फिल्टर बदलून टाका.” मुलाने मान डोलावली, समोरचा ग्लोव्ह बॉक्स उघडला आणि त्यामागून आणखी एक मळकट आयत ओढून काढला.

“तो बदलतोच, साहेब. पण हा एसीचा वेगळा असतो. हाही चोक झालाय.”