खुबा बदलल्यावर विचारायचे बारा प्रश्न

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी खुब्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वळणाने जातं. पॅकेज कितीचं, त्यात काय काय धरलंय, सांधा परदेशी की देशी, रोबोटने करतात का, डॉक्टरांनी आजवर किती ऑपरेशनं केली. 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना लगाम घातला, तेव्हाही सगळा वाद रुपयांचाच होता. हे प्रश्न रास्त आहेत. पुंजी मोडून ऑपरेशन करून घेणाऱ्याने ते विचारायलाच हवेत. पण सहा महिन्यांनी त्या माणसाचं कसं चाललंय, हे मोजायची निकड कुणालाच वाटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी इंग्लंडच्या वायव्य भागात फिजिओथेरपिस्ट आहे. जॉन चार्नली यांनी 1962 च्या सुमारास आजच्या खुबारोपणाची घडी बसवली ते राइटिंग्टनचं हॉस्पिटल याच भागातलं. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, एप्रिल 2009 पासून खुबा किंवा गुडघा बदलून घेणाऱ्यांना ऑपरेशनच्या आधी एक प्रश्नावली देतात आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न घरी पाठवतात. भरायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तिच्यातला ‘ऑक्सफर्ड हिप स्कोअर’ 1996 सालचा. प्रश्न बारा, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण 48. गेल्या चार आठवड्यांत मोजे स्वतःचे स्वतः घालता आले का? बाजारहाट एकट्याने जमला का? जिना चढता आला का? रात्री अंथरुणात खुबा दुखला का?

एक्स-रेवर सांधा चोख बसलेला असतो आणि माणूस मात्र रात्री कूस बदलायला घाबरत असतो, असं मी कितीदा पाहिलंय. शिवाय डॉक्टरांपुढे बरीच माणसं खरं बोलत नाहीत. माझ्याकडची कितीतरी वयस्कर मंडळी तपासणीत ‘अगदी छान’ म्हणतात आणि कागदावर लंगडण्याच्या प्रश्नापुढे ‘बहुतेक वेळा’वर खूण करतात. या उत्तरांचा हिशेब, रुग्ण मुळात किती आजारी होते हे लक्षात घेऊन, हॉस्पिटलवार जाहीर होतो. खुबा बदललेल्यांपैकी शंभरात नव्वदहून जास्त जणांचे गुण वाढतात, ही चांगली बातमीही त्यातूनच कळते. न वाढलेले किती, हेही कळतं.

इथल्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हा नियम, पण त्याहून कितीतरी जास्त काळ दुखणं काढत बसलेली माणसं मी रोज बघते. पुण्यात पैसे मोजणाऱ्याला आठवड्यात तारीख मिळते. 2017 मध्ये तर वूस्टरशायरमधल्या स्थानिक आरोग्ययंत्रणेने खर्च वाचवायला याच स्कोअरच्या आधारे ऑपरेशनची अट कडक करायचा घाट घातला. दुखणं समजून घ्यायचं साधन दार लावून घ्यायला वापरणं मला साफ चूक वाटतं. आपल्याकडे हे मोजमाप येईल तेव्हा विमा कंपन्यांच्या हाती ते असं पडू देता कामा नये.

पण न मोजण्याची किंमत आपण चुकती केलीच आहे. धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ हा खुब्याचा कृत्रिम सांधा 2010 मध्ये जगभरातून परत घेतला गेला. तो फार लवकर निकामी होतो, हे इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय सांधे-नोंदणीत आकड्यांनी दिसलं होतं. भारतात या सांध्याची सुमारे 4,700 ऑपरेशनं झाली होती. केंद्राने नेमलेल्या समितीचा अहवाल 2018 मध्ये बाहेर आला, तेव्हा त्यातल्या जवळजवळ 3,600 रुग्णांचा ठावठिकाणाच नव्हता. ज्यांना डिस्चार्जनंतर कुणी नियमाने फोन केला नाही, त्यांना नुकसानभरपाईसाठी शोधायचं तरी कुठे?

मिरजेला माझ्या आत्याचा खुबा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं, टाके सुकले, फॉलोअपला एक्स-रे बघून ‘फर्स्ट क्लास’ म्हणाले आणि फाइल मिटली. आत्याने हळदीकुंकवाला जाणं सोडलं, कारण तिथे बसणं सतरंजीवर. बहिणीकडे गावी राहायला जाणं सोडलं, कारण तिथे कमोड नाही. एसटीची पहिली पायरी तिला चढवत नाही. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही.

तेव्हा ऑक्सफर्डची प्रश्नावली जशीच्या तशी उचलूनही भागणार नाही. तिच्यात टेबलावर जेवून खुर्चीवरून उठताना किती दुखतं, असं विचारतात. आपल्याला पंगतीचं विचारावं लागेल. मांडी, उकिडवं बसणं, मोटरसायकलवर मागे बसणं, हे सगळं विचारावं लागेल. यातल्या बऱ्याच गोष्टी सर्जनच वर्ज्य सांगतात. मग त्या सोडल्याने माणूस घरात किती कोंडला गेला, हेही नोंदवायला नको का? इंग्लंडमध्ये खुबा बदलतात तो बहुतेक करून उतारवयातल्या झिजेमुळे. आपल्याकडे हाडाचा रक्तपुरवठा तुटून खुबा निकामी झालेले तिशी-चाळिशीतले लोकही पुष्कळ. त्यांच्यासाठी पहिला प्रश्न कामाचा: रिक्षा पुन्हा चालवता येते का, शेतात वाकता येतं का?

यासाठी नवं खातं उघडायला नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारे कर्मचारी, हॉस्पिटलांत बसलेलेच आहेत. रुग्ण दाखल होताना त्यांनी बारा-पंधरा प्रश्न विचारून लिहून घ्यावेत आणि सहा महिन्यांनी फोनवर, त्याच्या बोलीत, तेच पुन्हा विचारावेत. उत्तरं हॉस्पिटलवार जाहीर करावीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं उत्तर मुलाने किंवा सुनेने परस्पर देऊ नये, फोन रुग्णाच्याच हातात द्यावा. आणि विचारणारा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखालचा नसावा, नाहीतर सगळीकडे ‘अगदी छान’ एवढंच लिहून येईल.