बाटिक आणि चाळीचे लोकमत

मेण आणि रंग वापरून कापडावर नक्षी उमटवण्याची बाटिकची कला जावा बेटावर बहरली, शांतिनिकेतनात तिला मोकळी अंगणे मिळाली आणि उज्जैनजवळच्या भैरवगढात शिप्रेचा काठ मिळाला. लालबागच्या चाळीत मात्र तिच्या वाट्याला आमची मोरी, सामाईक गॅलरीतली दोरी आणि सबंध मजल्याचे लोकमत आले. इंडोनेशियाच्या बाटिकला ‘युनेस्को’ने २००९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत मानाचे स्थान दिले, ही बातमी आमच्या मजल्यावर अजून कोणी मनावर घेतलेली नाही.

मुळात ही कला उलट्या डोक्याची आहे. जिथे रंग नको तिथे आधी वितळलेले मेण लावायचे, मग कापड रंगात बुडवायचे, वाळवायचे, जो रंग राखायचा त्यावर पुन्हा मेण लावायचे आणि कापड आणखी गडद रंगात घालायचे. फिकटाकडून गडदाकडे जाण्याचा हा क्रम मोडता येत नाही, कारण पिवळ्यावर लाल घातला तर नारिंगी मिळतो, पण निळ्यावर पिवळा घालून पिवळा मिळत नाही. परिणामी शेवटच्या पायरीपर्यंत ते कापड कमालीचे केविलवाणे दिसते, आणि नेमक्या त्याच काळात ते दोरीवर सर्वांच्या नजरेसमोर लोंबत असते.

मंगळदास मार्केटमधून आणलेली मलमल सोड्याच्या पाण्यात उकळून तिची खळ काढीपर्यंत कोणाची हरकत नसते; धुणे हा चाळीत प्रतिष्ठित उद्योग आहे. मेण तापू लागले की शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात, “अगं, लाइट गेली का?” नुसते पॅराफिन ठिसूळ असते, त्याला तडे जातात आणि त्यांतून रंग झिरपून बारीक जाळी उमटते, मधमाशांचे मेण लवचिक असल्याने ते तडे आवरते. या दोहोंचे प्रमाण साधण्यातच निम्मे कौशल्य आहे, असे माझे मत आहे. पलीकडच्या खोलीतल्या अण्णांचे तसे नाही. १९८२चा संप होईपर्यंत ते गिरणीच्या रंगखात्यात होते. माझी जाळी चष्म्याखालून निरखून ते म्हणाले, “आमच्याकडे असा तागा निघाला असता, तर डॅमेजमध्ये गेला असता.”

गरम पाण्यात मेण सुटत असल्यामुळे रंग थंड पाण्यात चढणारे घ्यावे लागतात. नॅप्थॉल हे रंगाचे रसायन कॉस्टिक सोड्यात विरघळवून कापड त्यात घातले, तर ते जवळजवळ कोरेच बाहेर येते. रंग उमलतो तो दुसऱ्या बादलीत, ‘सॉल्ट’च्या पाण्यात; हे सॉल्ट म्हणजे मीठ नव्हे, रंग उमलवणारे दुसरे रसायन. तेच नॅप्थॉल सॉल्ट बदलताच लाल होते किंवा निळे. पहिल्या बादलीनंतर काकूंनी मला दुकानदाराने फसवल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या बादलीनंतर, रबरी हातमोज्यांतले माझे हात पाहून, ‘इतका भडक कशाला’ असे विचारले.

पावसाळ्याची कथा निराळीच. ओल्या कापडात मेण मुरत नाही, म्हणून प्रत्येक रंगानंतर ते खडखडीत वाळले पाहिजे. उन्हात मेण मऊ पडते, म्हणून वाळवायचे तेही सावलीत. मुंबईच्या जुलैत सावली मुबलक असते, पण तिच्यात वाळत काहीच नाही. त्यामुळे आमचे कुटुंब पंख्याखाली पसरलेल्या पिवळ्या साडीच्या कडेकडेने, आमटी न सांडण्याच्या अटीवर जेवते. ‘हिला कावीळ झाली आहे का?’ हा प्रश्न घरातूनच आला, हे येथे नमूद करणे भाग आहे.

शेवटी उकळत्या पाण्यात साबण घालून मेण काढायचे असते. ते मोरीत ओतता येत नाही, कारण पाइपात गोठले तर खालच्या मजल्याचेही लोकमत ऐकावे लागेल. पाणी निवू देऊन वर आलेली साय खरवडावी लागते. हे सारे सकाळचे पाणी जाण्याआधी उरकले आणि गडद निळ्या साडीवर पांढरी, पिवळी, नारिंगी वेलबुट्टी उघडी पडली, तेव्हा गॅलरीत क्षणभर कोणी काही बोलेना. अण्णांनी पदर बोटांत चोळून रंग पक्का असल्याचा निर्वाळा दिला आणि पिवळी होती तेव्हा जास्त बरी दिसत होती, असेही सांगितले. काकू मात्र लगबगीने घरात गेल्या, ट्रंकेतली काळी ओढणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “हिच्यावर तेवढी पिवळी फुलं काढून दे. घाई नाही, उद्या दिलीस तरी चालेल.”