इंटर्नल इलियाकच्या मागावर

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला हात, पाय, छाती इथपर्यंत पोरं ॲनाटॉमीवर खूश असतात. मग ओटीपोट येतं आणि डिसेक्शन टेबलाभोवतीची गर्दी विरळ होते. त्यांना मी दोष देत नाही. पुस्तकात आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी. फॉर्मेलिनमधून निघालेल्या बॉडीत तिघीही तपकिरी, वर चरबीचा थर. मुंबईत जागेची टंचाई ठाऊक असूनही ब्लॅडर (मूत्राशय), गर्भाशय आणि रेक्टम (गुदाशय) इतकी खेटून बसलेली बघितली की माणूस दचकतोच.

मधोमध करवत चालवून पेल्व्हिसचे (कटिभागाचे) दोन भाग करायचे असतात. करवत जरा तिरकी गेली की एका बॅचला अख्खा युरेथ्रा (मूत्रमार्ग) मिळतो आणि दुसऱ्या बॅचला नुसतं भांडण. मग पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) सोलायचा आणि आधी युरेटर, म्हणजे किडनीतून ब्लॅडरकडे जाणारी नळी, शोधायचा. कॉमन इलियाक आर्टरी जिथे दुभंगते (एक शाखा पायाकडे जाणारी एक्स्टर्नल इलियाक, दुसरी ओटीपोटाला रक्त पुरवणारी इंटर्नल इलियाक), साधारण तिथेच तो तिच्या पुढून खाली उतरतो. युरेटर मिळाला की इंटर्नल इलियाक मिळालीच म्हणून समजा. आता व्हेन्स खुशाल कापून टाका. आमची एवढी एकच सूचना पोरं तत्परतेने पाळतात, आणि उत्साहाच्या भरात दोन-तीन आर्टऱ्याही जातात. दाबून पाहावं: आर्टरीची भिंत जाड, रबरी लागते, व्हेन चपटी असते नाहीतर आत काळ्या गुठळ्या.

इंटर्नल इलियाकची लांबी जेमतेम ४ सेंटीमीटर, आणि संसार केवढा! ग्रेटर सायॅटिक फोरामेन या पेल्व्हिसच्या मोठ्या भोकाच्या वरच्या कडेपाशी तिचे दोन फाटे होतात. मागच्या फाट्याला तीनच शाखा: इलिओलंबर, लॅटरल सेक्रल, सुपीरियर ग्लुटियल. सभ्य घराणं. पुढच्या फाट्यात मात्र कोण कुणाच्या पोटून निघेल याचा नेम नाही. ऑब्ट्युरेटर तर बऱ्याच जणांत इन्फीरियर एपिगॅस्ट्रिकपासून, म्हणजे एक्स्टर्नल इलियाकच्या शाखेपासून, निघते. म्हणून आर्टरी कुठून आली ते विचारूच नये, कुठे चालली ते पाहावं. बाजूच्या भिंतीला धरून ऑब्ट्युरेटर कॅनॉलकडे, वर नर्व्ह आणि खाली व्हेन घेऊन चालली, तर ती ऑब्ट्युरेटर. पिरिफॉर्मिस स्नायूच्या वरून बाहेर पडली तर सुपीरियर ग्लुटियल, खालून पडली तर इन्फीरियर ग्लुटियल किंवा इंटर्नल प्युडेंडल. यातली प्युडेंडल अस्सल मुंबईकर: एका गेटने बाहेर पडते, इस्किअल स्पाइन या हाडाच्या टोकाला वळसा घालते आणि लेसर सायॅटिक फोरामेनच्या दुसऱ्या गेटने परत आत.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास येणारा प्रश्न युटेराइन, म्हणजे गर्भाशयाच्या, आर्टरीचा. सर्व्हिक्सपासून (गर्भाशयाच्या मुखापासून) सुमारे २ सेंटीमीटरवर ती युरेटरच्या वरून जाते, म्हणून ‘पुलाखालून पाणी’ (पूल म्हणजे आर्टरी, पाणी म्हणजे युरेटरमधली लघवी) असं पाठ करायचं. अंधेरी सबवेतून पावसाळ्यात आलेल्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. गर्भाशय काढताना मात्र इथे हसू मावळतं. युटेराइन आर्टरीला क्लॅम्प लावताना ब्लॅडर नीट खाली ढकललेलं नसेल, किंवा रक्तस्रावात घाईने खोल टाका घातला, तर युरेटर त्यातच अडकतो.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबेना, तर दोन्ही बाजूंच्या इंटर्नल इलियाक बांधतात. शक्यतो मागचा फाटा सोडून. बांधूनही गर्भाशय मरत नाही, कारण मागची दारं उघडीच असतात: लंबर आर्टऱ्या इलिओलंबरला, मीडियन सेक्रल लॅटरल सेक्रलला आणि सुपीरियर रेक्टल मिडल रेक्टलला रक्त पुरवतात. फक्त नाडीचा जोर ओसरतो, आणि गुठळी धरायला तेवढं पुरतं. राइट-अँगल क्लॅम्प आर्टरीखालून बाहेरून आतल्या बाजूला न्यायचा, टोक वर ठेवून. खालची व्हेन कागदासारखी पातळ. डिसेक्शन हॉलमध्ये कापून फेकलेल्या साऱ्या व्हेन्सचा वचपा ती इथे एकटी काढते. आणि गाठ आवळण्यापूर्वी आर्टरी बोटात दाबून मांडीतली फेमोरल नाडी कुणाला तरी बघायला सांगायची. ती गायब झाली, तर तुमच्या हातात एक्स्टर्नल इलियाक आहे. सोडा.