वाचक येतात हो, तुम्हीच त्यांना घालवता

"हल्ली कुणी वाचतच नाही." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी उठून निघून जाणार आहे. लिहिणारी चार माणसं जमली की गाडी इथेच येऊन थांबते. वाचनाची आवड संपली, लोकांना रील्सचं व्यसन लागलं, तरुणांना चार ओळींपुढे धीर नाही. सगळा दोष वाचकाचा. आणि मग हीच मंडळी आपल्या साइटची लिंक पाठवतात, मी ती वाचायच्या इच्छेने उघडते, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जे काही माझ्यासोबत होतं त्याचा राग आता पोटात मावेनासा झालाय.

पान आधी कोरं असतं. मग शीर्षक येतं. पहिल्या ओळीवर नजर टेकते न टेकते तोच सगळा पडदा झाकणारी चौकट येऊन आदळते: "आमचं लेखन आवडलं का? आत्ताच सबस्क्राइब करा!" अहो, काय आवडलं? एक वाक्य तरी वाचू दिलंत का? घरी आलेल्याला पाणी विचारायच्या आधी देणगीची पावती पुढे करावी तसा हा प्रकार आहे. ती चौकट बंद करायची फुली करड्यावर करडी, तीही एवढीशी की बोट बाजूला पडतं आणि भलतंच काही उघडतं. ती घालवली की ब्राउझर विचारतो, या साइटची नोटिफिकेशन्स हवीत का. ती नाकारली की खाली कुकीजची पट्टी. ती मिटवली की व्हॉट्सॲप ग्रुपचं हिरवं गोल बटण बरोबर शेवटच्या ओळीवर बसलेलं, तेही तिथून हलत नाही. एवढं सगळं पार करून वाचणारा माणूस तुम्हाला हवाय? वाचकाने आधी अडथळ्यांची शर्यत जिंकायची आणि मग तुमचा लेख वाचायचा, हा कुठला न्याय?

न मागता समोर उघडणाऱ्या पॉप-अप जाहिरातीचा सुरुवातीचा कोड ज्यांनी लिहिला, त्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये चक्क लेख लिहून जगाची माफी मागितली होती. आणि तुम्ही तीच गोष्ट हौसेने, फुकटच्या प्लगिनने (साइटला जोडायच्या आयत्या तुकड्याने), कुणी न सांगता आपल्या पानावर लावता! गूगलने जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांना शोधात खाली ढकलायला सुरुवात केली. तरी ओरड काय, तर "गूगल आम्हाला वर दाखवत नाही." मेल पत्ता मागायचाच असेल तर लेख संपल्यावर एका ओळीत मागा. तिथवर पोचलेल्या माणसाने तुमचं लिखाण वाचलेलं असतं. त्याला विचारण्यात अर्थ आहे.

हे यांच्या लक्षात का येत नाही, ते मला ठाऊक आहे. हे लोक आपलं पान नेहमी स्वतःच्या लॅपटॉपवर, लॉग-इन केलेल्या अवस्थेत, चांगल्या नेटवर पाहतात. मालकाला चौकटी बहुतेक दिसतच नाहीत. फोटो ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेले असतात, त्यामुळे पान झटकन उघडतं. एकदा साधा फोन घ्या, वाय-फाय बंद करा, खाजगी विंडो उघडा आणि स्वतःचा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. फक्त एकदा. माझी कळकळीची विनंती आहे.

तेव्हा कळेल फोटोंचं काय प्रकरण आहे ते. फोनने काढलेला कित्येक एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवायचा, आणि पडद्यावर तो दिसणार जेमतेम हजार पिक्सेल रुंद. उरलेला सगळा भार वाचकाच्या डेटावर. तो फोटो आधी लहान करून, वेबपी या हलक्या चित्रप्रकारात किंवा बऱ्यापैकी दाबलेल्या जेपेगमध्ये चढवायला दोन मिनिटं लागतात. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, असा गूगलचाच निकष आहे. तुमच्या पानावर अडीच सेकंदांत फक्त लोगो गोल फिरत असतो.

आणि त्या उड्या! मी वाक्याच्या मध्यावर असते, वर उशिरा पोचलेला एखादा फोटो किंवा जाहिरात उघडते, आणि वाचत असलेली ओळ धाडकन खाली निघून जाते. शोधून पुन्हा तिथे यावं तर दुसरी उडी. याचं कारण अगदी साधं आहे. चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये दिलेली नसते, म्हणून ब्राउझरला जागा राखून ठेवता येत नाही. दोन आकडे लिहायचे असतात हो, दोन! तेवढेही लिहायचे नाहीत, आणि वर वाचकाची एकाग्रता कमी झाली म्हणायचं.

पण माझा खरा संताप देवनागरीसाठी आहे. आपलीच लिपी, आणि आपणच तिची अशी दशा करतो. बहुतेक तयार थीम्स, म्हणजे साइटच्या रूपाचे आयते साचे, रोमन अक्षरं समोर ठेवून बेतलेल्या असतात. रोमन अक्षरांना वर वेलांट्या नसतात, खाली उकार नसतात, पोटात जोडाक्षरं नसतात. त्या मापात देवनागरी ओतली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन आपटतो. ओळींतलं अंतर वाढवा! अक्षराच्या मापाच्या दीडपट तरी, मला विचाराल तर त्याहून थोडं जास्तच. अक्षरं मोठी करा. रोमनमध्ये सोळा पिक्सेल चालतात म्हणून देवनागरीतही चालतात असं नाही. त्याच मापात आपलं अक्षर लहान दिसतं, आणि "क्ष्म्य"सारखं जोडाक्षर म्हणजे नुसता काळा ठिपका होतो. अठरा ते वीस ठेवा. चाळिशी लागलेले डोळे तुम्हाला दुवा देतील, आणि मराठीत लांबलचक लेख निगुतीने वाचणाऱ्यांत चाळिशीपुढचे लोक कमी नाहीत.

शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवायची एक फॅशन आहे. रोमनमध्ये ती शोभते. देवनागरीत तिने शिरोरेषाच तुटते. शब्दाचा माथा तुकड्यातुकड्यांत लटकतो, आणि लावणाऱ्याला ते "मॉडर्न" वाटतं. तिरप्या अक्षरांचंही तेच. बहुतेक देवनागरी फॉन्टांत तिरपं वळण बनवलेलंच नसतं, ब्राउझर सरळ अक्षराला जबरदस्तीने वाकवतो. आणि लोक त्यात परिच्छेदच्या परिच्छेद अवतरणं घालतात! दोन्ही कडा सारख्या करायचा हट्ट तर मोबाइलवर सोडूनच द्या. अरुंद पडद्यावर ओळीत मावतात चार शब्द. आपले शब्द प्रत्यय लागून लांब झालेले, ते सहसा मध्ये तोडले जात नाहीत, मग शब्दांमध्ये हातभर खिंडारं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं सोडा. दिसायला काही वाईट दिसत नाही.

अजून एक, आणि हे मी तळमळीने सांगते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवा. कितीतरी मराठी साइट्सवर तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं, कारण थीम तशी आली आणि कुणी पाहिलंच नाही. भाषा मराठी नोंदवली की काही फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. अंध वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला कुठला आवाज वापरायचा ते कळतं. एका शब्दाचा बदल आहे. आणि फॉन्ट फुकट आहेत! 'मुक्त' नावाचा आहे, 'नोटो' आहे, 'तिरो देवनागरी मराठी' तर नावासकट मराठीसाठी बनवलेला आहे. माणसांनी वर्षानुवर्षं डोळे घालून ही अक्षरं काढली, खुली करून ठेवली, आणि आपण थीमसोबत जे येईल ते लावून मोकळे.

रंगांबद्दल थोडक्यात. पांढऱ्यावर फिकट करडं लिहिणं बंद करा. वेबवरच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ असा उजळपणातला फरक सांगितलाय. तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. काळ्यावर जांभळं, फोटोवर पिवळं, हे मोजायचीही गरज नाही.

कविता चित्रात लिहून टाकणाऱ्यांवर मात्र मी थोडक्यात आटोपणार नाही. गुलाबाच्या फोटोवर कविता छापली की ती शोधात सापडत नाही, मोठी करून वाचता येत नाही, अंध माणसाला ऐकता येत नाही, त्यातली एक ओळ उचलून कुणाला पाठवता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेल्या संकेतांत, देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. जुन्या फॉन्टांच्या काळात तुमचा फॉन्ट माझ्याकडे नसला की नुसती निरर्थक चिन्हं दिसायची, ते दिवस ज्यांनी भोगलेत त्यांना तरी हे कळायला हवं. मजकूर मजकूर म्हणून ठेवा, चित्र हवं तर शेजारी लावा.

तसंच ते कॉपी करायला बंदी घालणं. उजवी क्लिक बंद, मजकूर निवडता येत नाही, वर धमकीची पाटी. ज्याला चोरायचंय तो फोटो काढूनही चोरतो, त्याला तुमच्या कुलपाने काही फरक पडत नाही. अडतो तो प्रामाणिक वाचक, ज्याला तुमचं एक सुंदर वाक्य तुमच्या नावासकट मैत्रिणीला पाठवायचं होतं. वाचक वाढण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलाय. काहींनी तर दोन बोटांनी पान मोठं करायचीही सोय काढून टाकलीय. कशासाठी? कुणाचं काय बिघडत होतं?

आता लिखाणाकडे येते, कारण नुसत्या सजावटीने काही होणार नाही. "थोडं मनातलं." "असंच काहीतरी." "चिंतन – भाग सात." ही शीर्षकं आहेत? यातून मला काय कळणार? वेबच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये लोक वेबवर कसं वाचतात ते तपासलं, तेव्हा ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. म्हणजे रील्सच्या कितीतरी आधीपासून हे असंच आहे! माणूस आधी चाळतो, इथे आपल्या कामाचं काही आहे का ते बघतो, आणि पटलं तर थांबून वाचतो. त्याला थांबायला काहीतरी द्या. शीर्षकात विषय सांगा. पहिल्या परिच्छेदात "बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण वेळच मिळत नव्हता" हे लिहू नका, ते कुणाला हवं असतं? थेट मुद्द्यावर या. परिच्छेद पाडा. मोबाइलवर तीन पडदे भरणारा अखंड ठोकळा पाहून चांगले चांगले वाचक माघारी फिरतात. लेख लांब असेल तर मध्ये उपशीर्षकं द्या. आणि तारीख घाला, कृपा करून तारीख घाला. सरकारी नियमांवरचा, एखाद्या ॲपवरचा किंवा औषधावरचा लेख दोन महिन्यांपूर्वीचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे वाचकाने कसं ओळखायचं?

बाजूच्या पट्टीत घड्याळ, कॅलेंडर, किती लोक आले त्याचा आकडा, सन्मानचिन्हं, फिरणारा जगाचा गोल. सगळं काढा. त्या जागी एक शोधखिडकी ठेवा आणि तुमचे स्वतःला सर्वांत आवडणारे पाच-सहा लेख ठेवा.

आणि थीम बदलली म्हणून जुन्या लेखांचे पत्ते बदलू नका. चांगले पत्ते बदलत नसतात, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. कुणीतरी प्रेमाने तुमची लिंक कुठेतरी दिलेली असते, मी ती वर्षांनंतर उघडते आणि समोर काय, तर "पान सापडले नाही." बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय करून ठेवा. तुमच्या जुन्या वाचकांनी जोडलेली प्रत्येक वाट तुम्ही अशी तोडता, आणि नवे वाचक मिळवायला चाळीस ग्रुपांवर "नक्की वाचा" एवढंच लिहून लिंक फेकत बसता. का वाचू? दोन ओळीत सांगा ना, आत काय आहे. लेखातला एखादा नेमका परिच्छेदच डकवा. ज्या ग्रुपात त्या विषयाची चर्चा चालते तिथेच टाका, बाकीच्यांना सोडा.

ज्याला पुन्हा यायचंय त्याच्यासाठी तर दारच ठेवलेलं नसतं. १ जुलै २०१३ ला वेगवेगळ्या साइट्सचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर बंद झालं म्हणून लोकांनी आरएसएसच (साइटवर नवं आलेलं वाचकापर्यंत आपोआप पोचवणारं तंत्र) मेलं असं धरून चालायला सुरुवात केली. पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात! तुमच्या साइटची फीड, म्हणजे आरएसएसमधली नव्या लेखांची यादी, बहुतेक आपोआप तयार होत असते, फक्त तिची खूण तुम्ही "जुनाट दिसते" म्हणून काढून टाकलीय. ती परत लावा. माझ्यासारखे लोक अजून फीड वाचतात, रोज वाचतात, आणि ज्यांची फीड मिळते त्यांचा एकही लेख चुकवत नाहीत.