१२ मिनिटांचं अप-डाउन

नोकरी हेगला आणि घर लायडनला, असं ठरलं तेव्हा नेदरलँड्समधल्या ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी माणसांनी माझं अभिनंदन केलं. "लायडन म्हणजे सगळ्याच्या जवळ!" हेग १२ मिनिटं, विमानतळ पंधरा-वीस, अ‍ॅमस्टरडॅम पस्तीस. "स्टेशनपासून ५ मिनिटांवर" या पुण्यातल्या बिल्डरी वाक्याने एकदा पोळलेला असल्यामुळे मी घड्याळ लावून खात्री केली. गाडी खरोखर १२ मिनिटांत पोचली. खोट गाडीत नव्हतीच. ती स्टेशनबाहेर सायकलींच्या दोन मजली रांगांत उभी होती, हजारोंच्या संख्येने आणि बहुतेक काळ्या रंगात.

माझे बाबा डेक्कन क्वीनचे पासहोल्डर. निम्मी नोकरी पुणे-मुंबई अप-डाउन करण्यात गेली. फोनवर १२ मिनिटं ऐकून ते खिन्न झाले. "अरे, तेवढ्यात पत्ते पिसूनसुद्धा होत नाहीत." मी त्यांना सांगितलं नाही, की ही १२ मिनिटं करायला मला जाऊन-येऊन दोन तास लागतात. त्यांना आनंद झाला असता.

घर ते स्टेशन सायकल. इथे 'ओमाफिट्स' म्हणजे आजीची सायकल मिळते, ती मी घेतली. आजी सहा फुटी असावी. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि ब्रेक हाताशी नाही, उलटं पेडल मारायचं. पुण्यात वाढलेला माणूस चढ आला की विचार करण्यासाठी पेडल उलटं फिरवतो. ती सवय मोडेपर्यंत मी बरेचदा विनाकारण जागच्या जागी थांबलो. देश सपाट, म्हणून चढ नाही, पण त्याची कसर वारा भरून काढतो. तो सकाळी हेगकडून येतो आणि संध्याकाळीही समोरूनच येतो. शेजारून विद्यार्थी एका हातात बिअरचा क्रेट धरून शीळ घालत पुढे जातात.

गाव मात्र असं, की चरफडतानाही माहिती मिळत राहते. इथल्या भिंतींवर शंभरावर कविता रंगवल्या आहेत, ज्या त्या भाषेत आणि लिपीत. जपानी बाशोही आहे. एका संग्रहालयाच्या भिंतीवर आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं समीकरण आहे. त्याच्यापुढच्या ओल्या विटांवरून मी सायकलसकट आडवा झालो तेव्हा एका आजोबांनी मला उठवलं, समीकरणाकडे बोट दाखवलं आणि "सिद्ध झालं" अशा अर्थाची मान हलवली. आइन्स्टाइन १९२० पासून इथे पाहुणे प्राध्यापक होते. राहायचे बर्लिनला, वर्षातून थोडे आठवडे इथे. म्हणजे तेही अप-डाउनवालेच. याच गावात भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ऑनेसनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला आणि त्यांच्या प्रयोगशाळेला 'पृथ्वीवरची सर्वांत थंड जागा' म्हणू लागले. ज्यांनी म्हटलं, ते फेब्रुवारीत पहाटे लायडनच्या फलाटावर उभे राहिलेले नसावेत.

या सगळ्याचं मूळ १५७४ मध्ये आहे. स्पॅनिश फौजेने वेढा घातला, गाव उपाशी मरायला टेकलं, तेव्हा मदतीला येणाऱ्यांनी बांध फोडून पाणी आत घेतलं आणि होड्या आणल्या. पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला बांध मुद्दाम फोडणं पचायला जड जातं, पण ३ ऑक्टोबरला वेढा उठला. स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम, त्याने बक्षीस म्हणून विचारलं, "करमाफी हवी की विद्यापीठ?" गावाने विद्यापीठ मागितलं, अशी दंतकथा आहे. १५७५ मध्ये ते सुरू झालं, देशातलं पहिलं. इथली घरभाडी भरणाऱ्या कुणालाही विचारा, तो करमाफी घेईल.

३ ऑक्टोबरला आजही गावाला सुट्टी. सकाळी हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात, जत्रा भरते, रस्ते बंद होतात. माझं ऑफिस हेगला, तिथे सुट्टी नाही. म्हणजे सगळा गाव मजा करत असताना, बंद रस्त्यांतून सायकल ढकलत कामावर जाणारा मी. त्या दिवसांत आई आली होती. शेपटीला धरून कच्चा मासा तोंडात सोडणारी माणसं पाहून ती, मूळची मालवणची, हेलावली. "गो बाय, तव्यावर टाकूक काय झाला होता?"

पण सांगायचं होतं सायकलीचं. सकाळी सायकल लावताना आपण घाईत असतो. संध्याकाळी उतरलो की समोर काळ्या सायकलींचा समुद्र. वरचा मजला की खालचा? सातव्या रांगेत आज लावली की काल? किल्लीचं बटण दाबलं की मोटार ट्यँव करते, तशी ती करत नाही. खूप दिवस कुणी न नेलेल्या सायकलीला इथे 'अनाथ सायकल' म्हणतात. तिला चिठ्ठी लागते आणि मग उचलून नेतात. एकदा मी माझी शोधायचं सोडून तीन दिवस पायी गेलो. चौथ्या दिवशी ती सापडली, चिठ्ठीसकट. पोटात कालवलं.

आईने हा प्रकार दोन दिवस पाहिला. तिसऱ्या दिवशी तिला हेगला व्हर्मीरचं 'मोत्याच्या डुलाची मुलगी' हे चित्र दाखवायला नेत होतो. मी सायकल लावून तिचं तिकीट काढायला गेलो, तेवढ्यात तिने पिशवीतली लाल रिबन सीटखाली बांधली. छान फूल काढून. "आता चुकशील कसा?"

संध्याकाळी मी ऐटीत चालत गेलो. लांबूनच फूल दिसलं. आईकडे अभिमानाने पाहिलं, किल्ली घातली. लागेना. गंजली असेल म्हणून हिसके दिले, कुलपावर दोन लाथा घातल्या. मागे एक उंच बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या किती वेळ बघत होत्या कोण जाणे. शेवटी शांतपणे म्हणाल्या, "ती माझी आहे."

आईने शेजारच्या सायकलीला बांधली होती. मी माफी मागितली, आईने मराठीतून मागितली, मी रिबन सोडायला वाकलो. बाईंनी थांबवलं. त्यांना फूल फार आवडलं होतं.

आता त्यांची सायकल मला रोज एका क्षणात सापडते. माझी नंतर शोधतो.